निळ्या झाकणाचं मीठ

करंजाडे,
५ ऑगस्ट २०२४

आत्या,

तुझं कानातलं मशीन पुन्हा बंद पडलं असं बाबा सांगत होते. फोनवर मी ओरडणार, तू काहीच न ऐकता ‘हो हो’ म्हणणार आणि शेजारचे जिन्यात येऊन उभे राहणार. मोबाईलची अक्षरं वाचताना तुझ्या डोळ्यांना पाणी येतं. म्हणून सरळ वही फाडून लिहायला बसले. अक्षर मोठं काढलंय बघ.

आपल्या किचनची खबर देते. बावीस तारखेला इन्स्पेक्शन आहे, मोठं. त्यात पास झालो तर हॉस्पिटलला सर्टिफिकेट मिळणार. त्यामुळे चंद्रशेखर सर, म्हणजे आमचे नवीन किचन मॅनेजर, सगळ्यांच्या मागे लागलेत. ते आधी हॉटेलात होते. पहिल्याच दिवशी ड्राय स्टोअरमध्ये आले, रव्याच्या डब्यात हात घातला आणि तळहातावर चार सोंडे निघाले. आत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत दमट किती असतं तुला माहीत आहेच, एकोणतीस वर्षं काढलीस तू तिथे. पण त्यांना कारण नको असतं. म्हणाले, “हे पत्र्याचे डबे म्हणजे किराणा दुकान वाटतंय. सगळे भंगारात.”

आता पारदर्शक प्लॅस्टिकचे चाळीस डबे येणार, सगळे एकाच मापाचे, पांढऱ्या झाकणाचे. त्यावर छापील इंग्लिश लेबल. तुझी रंगीत झाकणं जाणार. चांगुणाबाई दोन दिवस तोंड फुगवून आहेत. काल मला म्हणतात, “निला झाकान गेला तं बीपीचा मीठ मना कसा कललं गो?” मी म्हटलं, शिकाल हळूहळू. त्यांना वाचता येत नाही हे सरांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर आधी त्यांनाच काढतील.

कुलदीप घरीच आहे. रबाळ्याची कंपनी मार्चमध्ये बंद झाली ती झालीच. तो स्वयंपाक शिकलाय, पण बोलत नाही. श्रुती सहावीत गेली. तुला ‘कानात बोळे घातलेली आजी’ म्हणते. मी रागावले तिला.

तुझी,
नंदिनी

कोरेगाव,
११ ऑगस्ट २०२४

नंदिनी बाळ,

अक्षर मोठं काढलंस, बरं वाटलं. आता ऐक.

डबे बदलणारा माणूस बदलू दे. सोंडे झाले त्यात त्याची चूक नाही, तुझी आहे. रवा आला की भाजून, गार करून भरायचा हे मी तुला दहा वेळा सांगितलं. जुना खाली आणि नवा वर असं झालं की खालचा कुजतो. आधीचा काढून आधी वापरायचा, मग नव्याला जागा.

पण खरी काळजी मिठाची. दोन मिठं दिसायला सारखी. बीपीच्या पेशंटला जे कमी सोडियमचं मीठ देतो त्यात दुसरा क्षार असतो. बीपीवाल्याला तो चालतो, ज्याची किडनी गेलीय त्याला तो विष. त्याच्या अंगातून तो बाहेर पडत नाही आणि काळीज बंद पाडतो. हे मला त्या वेळच्या डॉक्टरीण बाईंनी समोर बसवून समजावलं होतं. म्हणून साध्या मिठाला पांढरं झाकण, बीपीच्या मिठाला निळं, आणि दोघांच्या मधे दोन फळ्यांचं अंतर. किडनी पेशंटचा छोटा डबा साध्या मिठाने रोज सकाळी चांगुणा भरायची, आणि भरायच्या आधी मला विचारायची. रोज. मी हसायची तिला.

नवे डबे भरशील त्या दिवशी चांगुणाला बरोबर घे. तिचा हात धरून डब्यावर ठेव. इंग्लिश लेबल येईल तेव्हा येईल, त्याच्या आधी तू स्वतः दोन कागद लिहून चिकटव, आणि एकावर निळी पेन्सिल फिरव. दोन मिनिटांचं काम आहे.

कुलदीपला म्हणावं, बोलत जा. गप्प बसलेल्या माणसाच्या पोटात अन्न पचत नाही.

आत्या

करंजाडे,
२ सप्टेंबर २०२४

आत्या,

पत्र लिहायला उशीर झाला. इथे वाईट झालंय.

एकवीस तारखेला, इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, डायलिसिस वॉर्डमधल्या एक बाई गेल्या. पुतळाबाई नाव. करावे गावातल्या, सीवूड्सच्या पलीकडच्या. वय बासष्ट. सकाळी सहाला हृदय बंद पडलं. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात तो क्षार खूप वाढलेला. डाएटिशियन मॅडम धावत किचनमध्ये आल्या, किडनीच्या डब्यातलं मीठ जिभेवर ठेवलं आणि थुंकल्या. कडू होतं. बीपीचं मीठ.

दोन दिवस चुकीचं मीठ गेलं. बाकीचे पेशंट वाचले. त्यांची डायलिसिस वेळेवर झाली. यांची मंगळवारची मशीन बंद होती म्हणून बुधवारवर ढकलली होती. ते कुणी बोलत नाही.

कमिटी बसली. सगळ्यांचे जबाब झाले. डब्यांवर लेबलं लावलेली होती. चांगुणाबाईंनी न बघता डबा भरला. आता त्यांना वाचता येत नाही हेही बाहेर आलं, आणि सगळे म्हणतात की इतकी वर्षं हे लपवलं कसं. तूर्त त्यांना घरी बसवलंय.

मलाही वाईट वाटतं. पण पेशंट गेला आहे आत्या, कुणाला तरी जबाब द्यावाच लागणार.

इन्स्पेक्शन झालं. पास झालो.

नंदिनी

कोरेगाव,
८ सप्टेंबर २०२४

नंदिनी,

काल गणपती बसले. आरतीला टाळ्या वाजत होत्या, मला काही ऐकू येत नव्हतं, आणि डोक्यात तुझं पत्र.

चांगुणा माझ्या हाताखाली सतरा वर्षं होती. तिच्या हातून डाळीत खडा गेला असेल, एकदा चहाची पूड सांडली, पण मीठ कधी चुकलं नाही. ती विचारल्याशिवाय किडनीचा डबा भरत नाही. ही सवय मी लावली नाही, तिची तिनेच लावून घेतली, कारण तिला वाचता येत नाही हे तिला माहीत होतं. वाचता येणारी माणसं चुकतात. त्यांना वाटतं आपण बघितलंच आहे.

तू लिहितेस, लेबलं ‘लावलेली होती’. कुणी लावली ते लिहीत नाहीस. कधी लावली तेही नाही. नवे डबे कुणी भरले? चांगुणा तेव्हा तिथे होती का? सोमवारी सकाळी तिने कुणाला विचारलं? आणि मी सांगितलेले दोन कागद?

मला कमिटीला काही कळवायचं नाही. मला कळू दे.

आत्या

करंजाडे,
२० सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

तू पोलीस आहेस का? कमिटीत पाच जण होते, त्यांनीसुद्धा इतके प्रश्न विचारले नाहीत.

तू रिटायर होऊन पाच वर्षं झाली. तेव्हा पेशंट होते सव्वाशे, आता तीनशे दहा आहेत. बारा प्रकारचे डाएट. तुझ्या वेळी वर्षातून एकदा कुणीतरी येऊन चहा पिऊन सही करून जायचं. तेव्हा झाकणाच्या रंगावर चालायचं, आता नाही चालत. मी काही झोपा काढत नव्हते तिथे.

मी त्यांना सांगितलं होतं. दाखवलं होतं. एवढं उत्तर पुरे आहे का?

चांगुणाबाईंना सतरा तारखेला काढलं. कागदावर अंगठा घेतला. त्यांनी ॲप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. परवापासून मी स्टोअर इन्चार्ज आहे. तुला आनंद होईल असं वाटलं होतं.

नंदिनी

कोरेगाव,
१ ऑक्टोबर २०२४

नंदिनी,

चांगुणाचं पत्र आलं. तिच्या सुनेने, शर्मिलाने लिहून दिलंय. चांगुणाने सांगितलं तसंच उतरवलंय, म्हणून मीही तुला तसंच उतरवून देते.

‘अरुना बाय, तुमी बोलला व्हता इचारल्याबिगर डबा भरू नको. मी इचारला व्हता. सोमवारी सकाली नंदिनी ताई फाइलवर लिवत व्हती. मी बोलली, ताई, मीठ खयचा? ती बोलली, जाग्यावरच हाय, घ्या ना. मी जाग्यावरचा घेतला. त्या डब्यावर कागद नव्हता. आता बोलतान कागद व्हता. माजे डोले फुटले नाय अजून.’

आणखी पुढे आहे. पुतळाबाई तिच्याच आळीतली, तीन घरं पलीकडे. तिला आपल्या हॉस्पिटलात आणायचं चांगुणानेच सुचवलं होतं, इथे ओळख आहे म्हणून. सुट्टीत वर जाऊन तिच्या उशाशी बसायची. मंगळवारी दुपारी पुतळाबाई म्हणाली, भाजी कडसर लागते. चांगुणाने सांगितलं, आजारानं तुझं तोंड कडू झालंय, खा. आणि आपल्या हाताने भरवलं.

हॉस्पिटलने पुतळाबाईच्या मुलाला, दिलीपला, बोलावून सांगितलं की जिच्या चुकीने झालं तिला आम्ही काढून टाकलं. तेवढ्यावर त्याला वाटेला लावलं. आता आळीतली एक बाई चांगुणाच्या ओट्यावर पाय ठेवत नाही. दिलीप रोज सकाळी कामाला जाताना तिच्या दारासमोर थांबतो. शिवी देत नाही, बोलत नाही, नुसता थांबतो आणि मग जातो. शर्मिला लिहिते, आईंनी आठ दिवस दार उघडलं नाही.

तू मला लिहिलंस, ‘सांगितलं होतं, दाखवलं होतं.’

पोरी, तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. त्यानंतर तू माझ्याशी एकदाच खोटं बोललीस, शाळेच्या सहलीचं, आणि तेही संध्याकाळपर्यंत तुला पेलवलं नाही. आता चाळिशीला आलीस. काय झालं ते लिही.

आत्या

करंजाडे,
१४ ऑक्टोबर २०२४

आत्या,

दसऱ्याच्या दिवशी लिहायला बसले होते. आज संपवते. वाचून झालं की फाडून टाक.

तुझं पत्र सोळा ऑगस्टला, शुक्रवारी, आलं होतं. मी ते वाचलं होतं. बसमध्ये दोनदा वाचलं. दोन कागद, निळी पेन्सिल, सगळं वाचलं.

रविवारी डबे भरले. चांगुणाबाईंची सुट्टी होती. सर म्हणाले, आजच भरून टाका, सोमवारी मला फोटो पाठवायचेत. लेबलं छापून आलीच नव्हती. मी म्हटलं, सर, तोपर्यंत हाताने लिहून लावते. ते म्हणाले, “हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या फोटोत दिसल्या तर माझी इज्जत जाईल. दोन दिवस काढा.” मी पेन ठेवून दिलं. मनात म्हटलं, दोनच डबे आहेत, सोमवारी चांगुणाबाईंना आधी तेवढं दाखवीन.

भरताना साध्या मिठाच्या जागी बीपीचं आलं. मुद्दाम नाही. चाळीस डबे भरले, कंबर मोडली होती, दोन्ही पोती मधे पडली होती. नंतर जाणवलंसुद्धा की आपण जागा बदलली की काय. उठून बघितलं नाही.

सोमवारी त्यांनी विचारलं. चांगुणाबाई म्हणतात तसंच. शब्दसुद्धा तेच. मी मान वर केली नाही.

त्यांनी चाखून बघितलं असतं तर कळलं असतं, पण आदल्या आठवड्यापासून सगळ्यांना मास्क आणि ग्लोव्हज आणि ‘स्टोअरमध्ये तोंडात काही घालायचं नाही’ अशी नोटीस. नोटिशीवर सही माझीच.

लेबलं बुधवारी दुपारी आली. तोपर्यंत पुतळाबाईंना त्यांच्या घरी नेलं होतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “लेबलवर भरल्याची तारीख आणि सही लागते. रविवारची तारीख टाक.” मी विचारलं, का? ते म्हणाले, “तुला मुलगी आहे ना? नवरा घरी आहे ना?” एवढंच. आवाजही चढवला नाही.

मी चाळीस लेबलांवर रविवारची तारीख टाकली. कमिटीने विचारलं तेव्हा तेच सांगितलं. चांगुणाबाई समोर बसल्या होत्या. मी बोलत होते तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, आता ही खरं सांगेल अशा भरवशाने. सांगून झालं तरी तशाच बघत होत्या.

मला हे कुठेतरी लिहायचं होतं. तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार? कुलदीपलाही सांगितलेलं नाही. फाडून टाक.

नंदिनी

करावे,
२२ ऑक्टोबर २०२४

नंदिनी,

पत्ता बघून दचकू नको. मी चांगुणाकडे आहे. परवा सकाळच्या एसटीने आले. तुझ्याकडे आले नाही, कारण तुझ्या घरी जेवले असते तर मग इथे येववलं नसतं.

तुझा कागद मी फाडला नाही. चांगुणासमोर बसून वाचून दाखवला. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्याने वाचते ते कळेना. शर्मिलाने हात धरून खूण केली, हळू. पुढचं दार बंद करून घेतलं तिने.

चांगुणाने सगळं ऐकलं. मग बराच वेळ मासळीची पाटी पुसत बसली. मग बोलली. मला ओठांवरून काही कळलं, बाकी शर्मिलाने वहीत लिहून दाखवलं. ती म्हणाली, तिला नोकरी परत नको. हॉस्पिटलचं तोंड बघायचं नाही. तिला फक्त एवढं हवं आहे की तू दिलीपच्या दारात येऊन, त्याच्या तोंडावर, सांगावंस की चांगुणाने विचारलं होतं. “तिनाच सांगाय पायजे. कागद कुनाचा पन आसतं.”

मी तिला शब्द दिलाय की तू येशील. रविवारी, सत्तावीसला, सकाळी दहा वाजता. दिलीप घरी असतो. मी बरोबर असेन. तू आलीस, बोललीस, की हा कागद तुझ्या हातात देईन, तूच फाड. पुढे हॉस्पिटलला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही.

भिऊ नको असं म्हणत नाही. भी. पण ये.

आत्या

करंजाडे,
२५ ऑक्टोबर २०२४

आत्या,

कुलदीपच्या हाती ही चिठ्ठी पाठवते. त्याला आता सगळं माहीत आहे.

मी येणार नाही. मी तिथे जाऊन बोलले की दुसऱ्या दिवशी ते पोलिसात जाणार. सर म्हणणार, आम्हाला काही माहीत नाही, सही हिची. माझी श्रुती अकरा वर्षांची आहे. चांगुणाबाईंचा मुलगा कमावतो, सून कमावते, घर स्वतःचं आहे. त्यांचं नाव गेलं, माझं सगळंच जाईल.

मी तुला आत्या म्हणून लिहिलं होतं. तू ते दुसऱ्याला वाचून दाखवलंस. कागद कुलदीपकडे दे. एवढं कर.

नंदिनी

कोरेगाव,
६ नोव्हेंबर २०२४

नंदिनी,

झालं ते मीच तुला सांगायला हवं, दुसऱ्याकडून कळू नये.

कुलदीप करावेला आला. चांगुणाच्या ओट्यावर बसला, पाणी प्याला. म्हणाला, “आत्या, कागद द्या.” मी नाही म्हटलं. तो माझ्या पायाशी वाकला, मला वाटलं नमस्कार करतोय, पण तो पाय धरून बसला. मोठा माणूस, रडत होता. मला ऐकू येत नाही याचं त्या दिवशी बरं वाटलं. मी त्याला म्हटलं, ती रविवारी आली तर तिच्याच हातात देईन. तो गेला.

रविवारी दहापासून आम्ही दिलीपच्या अंगणात बसलो. चांगुणा दोन महिन्यांनी त्या आळीतून चालली. बायका दारात येऊन बघत होत्या. मी दिलीपला म्हटलं, एक माणूस यायचंय, थांब. अकरा वाजले. साडेअकरा. रिक्षा आली की चांगुणा उठून उभी राहायची. साडेबाराला दिलीप म्हणाला, आजी, मला जेवायचंय.

मग मी कागद उघडला आणि वाचला. सगळा वाचला. तुझ्या सरांचं वाचलं, कुलदीप घरी असतो तेही वाचलं, काही गाळलं नाही. गाळलं असतं तर मीही तुझ्याच पंगतीला बसले असते.

दिलीप भिंतीला टेकून ऐकत होता. वाचून झाल्यावर तो चांगुणाकडे गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला, रोज राहायचा तसाच. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, “काकी, पन भरवला तं तूनाच.” शर्मिलाने मला लिहून दाखवेपर्यंत चांगुणा खाली बसली होती.

तेव्हा असं आहे. खरं सांगून तिला काही परत मिळालं नाही. कागद दिलीपने मागितला, मी दिला. तो काय करेल मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

येताना एसटी स्टँडवर चांगुणा मला सोडायला आली. मी तिला म्हटलं, माझ्या रक्ताच्या माणसाने तुझं असं केलं. ती माझ्या कानाशी ओरडली, इतकी की लोक वळले, आणि मला पहिल्यांदा तिचं नीट ऐकू आलं. “अरुना बाय, सतरा वरसं तुमी मना रंग शिकवलं. अक्सर का नाय शिकवलं?”

मी एसटीत चढले. खरं कारण असं की रंग दाखवायला एक सकाळ लागली होती. अक्षरं शिकवायला रोज अर्धा तास लागला असता, आणि मला संध्याकाळी पाचची बस पकडायची असायची. सतरा वर्षं मी ती बस पकडली. आणि स्वतःला वाटायचं की केवढं सांभाळते मी हिला.

म्हणून तुला शाप द्यायला मी मोकळी नाही. पण तुला मिठीही मारता येणार नाही इतक्यात.

आत्या

करंजाडे,
१९ जानेवारी २०२५

आत्या,

तुला हवं होतं ते झालं, म्हणून कळवते. बाबांनी सांगितलं असेलच, पण बाबा अर्धं सांगतात.

दिलीप कागद घेऊन डिसेंबरमध्ये हॉस्पिटलला गेला. पुन्हा कमिटी, तेच पाच जण. मला बोलावलं आणि विचारलं, हे अक्षर तुमचं का? मी हो म्हटलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खोटी तारीख आणि खोटा जबाब, म्हणून काढलं. सरांचा उल्लेख त्या कागदात तीन वेळा आहे. पण सरांची सही कुठेच नाही, नोटिशीवर नाही, लेबलवर नाही, फोटोसुद्धा त्यांनी माझ्या मोबाईलवरून पाठवायला लावले होते. त्यांनी कमिटीला सांगितलं, ही बाई घाबरून काहीही लिहिते. मी म्हटलं, मी ते घाबरून लिहिलं नव्हतं, घाबरून बोलले होते. एका डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. पुढे काही झालं नाही. सर आता दुसऱ्या शाखेत मोठ्या जागेवर गेलेत.

चांगुणाबाईंना पत्र पाठवून परत बोलावलं. त्या गेल्या नाहीत. पत्र सुनेला वाचायला लावलं, मग म्हणाल्या म्हणे, ठेव तिथं.

दिलीपने पोलिसात तक्रार दिली आहे. माझी दोनदा चौकशी झाली. पुढे काय होईल ते वकीलही नीट सांगत नाही. कुलदीप एका गोदामात लागला आहे, उभं राहायचं काम आहे, रात्री पाय सुजतात त्याचे. मी घरी असते. आता स्वयंपाक मी करते. मीठ घालताना हात थांबतो, मग श्रुती म्हणते, आई, भाजी अळणी आहे, आणि उठून स्वतः वाढून घेते.

मी करावेला गेले होते. मागच्या मंगळवारी, तुला न सांगता. दिलीप नव्हता. त्याची बायको दारात होती, तिला सांगितलं, मी नंदिनी, चांगुणाबाईंनी मला विचारलं होतं. ती म्हणाली, माहीत आहे, आजींनी वाचलं ना. मग दार लावलं. मी जे बोलायला चार महिने घाबरत होते ते तिथे सगळ्यांना पाठ होतं. चांगुणाबाईंकडे गेले नाही. त्यांच्या घरासमोरून गेले, त्या ओट्यावर होत्या, त्यांनी मला बघितलं. उठल्या आणि आत गेल्या.

तू तुझ्या बसचं लिहिलंस ते मी खूप वेळा वाचलं. त्यामुळे माझं ओझं हलकं झालं असं तुला वाटलं असेल तर नाही झालं. आणि तुझ्यावरचा राग गेला असंही मी लिहिणार नाही. रविवारी साडेबाराला मी चप्पल घातली होती आत्या. दारापर्यंत आले होते. तू अजून अर्धा तास थांबली असतीस तरी मी आलेच असते असं काही नाही, पण तू थांबली नाहीस हे मला आठवत राहतं.

काल श्रुतीला शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं. घरी येऊन दप्तर न काढताच तिने विचारलं, “आई, तुला खोटं बोललीस म्हणून काढलं, की खरं लिहिलंस म्हणून?”

मी तिला म्हटलं, हात धुऊन ये, जेवायला वाढते.

नंदिनी